परत केलेली खिडकी

"बदल्यात काही घेतलंय का, काका?" कॉम्प्युटरवरची नजर न काढता मॅडमनी विचारलं.

तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात हा प्रश्न विचारायचा म्हणून विचारला जातो. समोरचा "न्हाई" म्हणतो, मॅडम बटण दाबतात आणि काम पुढं सरकतं. सितारामांनी मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला, टोपी सारखी केली आणि शांतपणे म्हणाले, "घेतलंय."

मॅडमचं बोट बटणाच्या वर तसंच राहिलं. सितारामांच्या मागं उभे असलेले त्यांचे जावई सिद्धोधन मास्तर यांनी शर्टाचा खिसा घट्ट धरला. खिशात त्यांच्या होणाऱ्या घराचा नकाशा होता आणि त्यातली एक खोली आत्ताच कोसळल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला होता.

गोष्ट साधी होती. सितारामांचं घर पूर्णेजवळच्या एका खेड्यात, अगदी रेल्वेच्या रुळाला लागून. घराच्या बाजूला त्यांच्याच नावावरची जागा होती. एक पडकी पत्र्याची खोली, एक कडुलिंब आणि बाकी मोकळं अंगण. एकुलती एक लेक संघप्रिया आणि मास्तर पालमला भाड्याच्या खोलीत राहायचे. खोली एवढी लहान की, त्यांची मुलगी राजनंदिनी रांगायला लागली तेव्हा दोनदा रांगून भिंतीला टेकायची आणि परत फिरायची. "जागा पडून हाय, त्याच्यावर घर बांधा," असं सितारामच म्हणाले होते.

मास्तरांनी सगळे नियम पाठ केले. आईबापानं लेकीला राहती जागा बक्षीसपत्रानं दिली, तर मुद्रांक नावापुरता लागतो, वर टक्काभर. आणि इन्कम टॅक्सवाले तर विचारतही नाहीत. अट एकच. जागा फुकट दिलेली पाहिजे. बदल्यात काही घेतलं की ते बक्षीस राहत नाही, विक्रीसारखं होतं आणि मग मुद्रांक पुरा भरावा लागतो.

"काय घेतलंय?" मॅडमनी आता मान वर केली.

"खिडकी," सिताराम म्हणाले.

दस्त लिहिणारे बन्सीधर दारातच उभे होते. त्यांनी झटकन पुढं येऊन सितारामांचा दंड धरला. "मॅडम, दोनच मिन्टं. काकाला जरा घाम आलाय. हवेत नेतो." आणि ते सगळ्या कुटुंबाला बाहेरच्या झाडाखाली घेऊन गेले.

"काका, खिडकी कसली?"

"लेकीनं कबूल केलीय. नव्या घराला रुळाच्या अंगाला मोठी खिडकी ठेवणार. तिथं माझी खुर्ची. बसल्या जागी गाड्या दिसतेत. मी जागा दिली, तिनं खिडकी दिली. मग न्हाई घेतलं असं कसं म्हणू?"

बन्सीधरांनी कपाळाला हात लावला. त्यांना सिताराम माहीत नव्हते, हाच घोटाळा होता. सितारामांनी सारी नोकरी रेल्वेच्या फाटकावर काढलेली. तिथं फाटक बंद केलं की स्टेशन मास्तरला फोनवर खात्रीचा आकडा, म्हणजे प्रायव्हेट नंबर सांगायचा, त्यांचा नंबर घ्यायचा आणि दोन्ही लिहून ठेवायचे. दिल्याशिवाय काही घ्यायचं नाही, घेतलेलं लपवायचं नाही. वर रोज सकाळी पंचशील म्हणायची सवय. खोटं बोलायचं नाही हे शील ते म्हणायचे आणि दिवसभर पाळायचेही. तेवढ्यामुळं गावातले लोक त्यांना लग्नाच्या बोलणीला कधी नेत नसत.

"पुरा मुद्रांक किती व्हईल?" मास्तरांनी हळूच विचारलं. बन्सीधरांनी त्यांच्या कानात आकडा सांगितला.

"न्हाणीघर गेलं," मास्तर पुटपुटले. त्यांनी खिशातून नकाशा काढला. "आन् जिना बी गेला."

"मग मी बी आत्ताच सांगून टाकते," सितारामांच्या बायको कुसुमबाई म्हणाल्या. "मला हिनं सैपाकघरात खाली बसून भाकरी करायला बुटका ओटा कबूल केलाय. माझे गुडघे चांगले हायेत, मला उभं राहून भाकरी जमत न्हाई."

"सैपाकघर…" मास्तर म्हणाले आणि तिथंच पारावर बसले.

संघप्रिया कडेवरच्या राजनंदिनीला थोपटत उभी होती. तिचे कान लाल झाले होते. "मी मनानं कबूल केलं व्हतं हो बाबा. त्याला मोबदला म्हणतेत व्हय?"

"काका, ऐका," बन्सीधर आता इरेला पेटले होते. आत रांग वाढत होती आणि पुढचं गिऱ्हाईक घड्याळ बघायलं होतं. "हे सगळं लेकीला वापस करा. आत्ता, हितंच. आन् आत जाऊन काही घेतलं न्हाई म्हणून सांगा. एकदा का सही केली की लेकीच्या घरचा चहाबी मोबदल्यात जातो, येवढा कडक कायदा हाय हा!"

बन्सीधर हे वाक्य बोलले आणि विसरले. सितारामांनी ते जसंच्या तसं मनात ठेवून घेतलं.

ते लेकीपुढं जाऊन उभे राहिले. मग दोन्ही हात पुढं करून म्हणाले, "घे बाई, ही तुझी खिडकी तुला वापस."

संघप्रियानं नकळत ओंजळ पुढं केली. तिच्या हातात काहीच पडलं नाही, तरी ते फार जड लागलं.

"मी माझा ओटा वापस करीत न्हाई," कुसुमबाई म्हणाल्या. "जागा ह्यांच्या नावावर हाय, मला सही करायची न्हाई. माझा काय संबंध?"

बन्सीधरांनी विचार केला आणि ओटा राहू दिला.

आत गेल्यावर सगळं सुरळीत झालं. "बदल्यात काही?" "न्हाई." मॅडमनी बटण दाबलं. फोटो झाले, अंगठे झाले. आईआजोबांचे अंगठे यंत्रावर टेकलेले बघून राजनंदिनीनंही आपला चिमुकला अंगठा पुढं केला आणि कुणी घेत नाही म्हटल्यावर भोकाड पसरलं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "तुझं नाव न्हाई गं कागदात, बाळा. तुला काही नियम न्हाई." सितारामांनी तेही ऐकलं.

बाहेर आल्यावर मास्तरांना स्वर्ग ठेंगणा झाला होता. न्हाणीघर परत आलं होतं, जिना परत आला होता. त्यांनी टपरीवर सगळ्यांसाठी चहा सांगितला. सितारामांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "पैसे कोण देणार?"

"मीच की, मामा."

सितारामांनी कप खाली ठेवला, स्वतःच्या खिशातून पैसे काढून टपरीवाल्याला दिले आणि मग प्यायले. सगळे हसले. संघप्रियासुद्धा हसली. बाबांचा विनोद एवढा लांबेल, असं तिला तेव्हा वाटलं नाही.

बांधकाम सुरू झालं. मास्तर शाळेतून, संघप्रिया दवाखान्यातली नर्सची ड्युटी संपवून, एसटीनं येऊन बघून जायचे. बाकी सगळं सितारामांच्या देखरेखीखाली. वाळू आली की सिताराम हजर, सिमेंट आलं की सिताराम हजर. भिंतींना पाणीही तेच मारायचे. फक्त ते स्वतःचा तांब्या आणायचे, स्वतःचं स्टूल आणायचे आणि जाताना दोन्ही घेऊन जायचे.

मग एक दिवस त्यांनी चष्मा लावून बक्षीसपत्र पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं, जागा झाडाझुडपांसह दिली आहे. त्या दिवसापासून ते कडुलिंबाखाली बसेनात. झाड त्यांनीच लावलेलं, त्यांनीच बकऱ्यांपासून राखलेलं. स्टूल उन्हात ठेवून ते सावलीकडं बघत बसायचे.

"अहो, सावली बी काय मोबदला असती?" कुसुमबाईंनी कपाळावर हात मारला.

"झाड तिचं, सावली तिची."

"सावली तर दुपारनंतर आपल्याच दारात येती!"

सितारामांनी विचार केला. "मग दुपारनंतर बसीन."

त्यानंतर वाट. त्यांच्या घरातून हातपंपाकडं जायची पायवाट त्या जागेतूनच जायची. सिताराम आता घागर घेऊन पुढच्या रस्त्यानं, समाजमंदिराला वळसा घालून जाऊ लागले. कुसुमबाई त्यांच्या डोळ्यांदेखत लेकीच्या अंगणातून सरळ जायच्या, आणि अंगणाच्या मधोमध थांबून, गरज नसताना, जरा दम खायच्या.

घर उभं राहिलं. संघप्रिया आणि मास्तर सामान घेऊन आले. लेक शेजारी आली, आता दोन घरांच्या मधी भिंतच नको, असं संघप्रियाला वाटत होतं. पहिल्याच सकाळी तिनं चहा केला, बाबांना आवडतो तसा, आलं जास्त घालून. बशीत कप ठेवून ती सितारामांच्या दारात गेली.

"बाबा, घ्या."

"आमच्यात झालाय."

"कुठं झालाय? माय माझ्या सैपाकघरात बसलीय, तिच्या ओट्यावर."

"मग मी करून घेतो," म्हणत सिताराम उठले आणि स्टोव्ह पेटवायला गेले. संघप्रियाच्या हातातल्या कपावर साय धरली. नव्या घरात कुसुमबाई आपला चहा मुद्दाम आवाज करून पीत होत्या. तो शेजारपर्यंत ऐकू जात होता.

गावात डोळे सगळ्यांनाच असतात. किशनराव म्हणून सितारामांचे जुने सोबती होते. ते रोज हातपंपावर बसायचे. त्यांनी बघितलं की, म्हातारा लेकीच्या अंगणातून जात नाही, लांबून घागर वाहतो. लेकीच्या झाडाखाली बसत नाही. लेकीचा चहा पीत नाही. त्यांनी सरळ विचारलं, "सिताराम, लेकीच्या अंगणातून कामून जायलास न्हाई?"

"जाता येत न्हाई," सिताराम खरं तेच बोलले. "जागा आता तिची झाली. सही केलीय मी."

किशनरावांनी मान डोलावली. "असं हाय व्हय!" आणि दोन दिवसांत, त्यांनी काही न वाढवता, फक्त आवाज खाली करून सांगितल्यामुळं, ती गोष्ट पूर्णेच्या स्टेशनापर्यंत गेली. तिथून गाडीत बसली आणि मानवतला उतरली. मानवतला सितारामांची थोरली बहीण दगडाबाई राहायची.

फोन येऊ लागले. "संघप्रिया, बापाला पाण्याला बी जाऊ देत न्हाईस म्हणं?" "आगं, जागा लिहून घेतल्याबरोबर?" मास्तरांना शाळेत मुख्याध्यापकांनी बाजूला घेऊन आईवडिलांच्या सेवेवर दोन शब्द सांगितले. दवाखान्यात एका पेशंटनं इंजेक्शन घेता घेता संघप्रियाकडं अशा नजरेनं बघितलं की, तिनं सुई हलक्या हातानं टोचली.

ती संध्याकाळी बाबांच्या दारात जाऊन बसली. राजनंदिनी मांडीवर पेंगत होती. तिच्या केसांना बाळतेलाचा आणि धुळीचा वास येत होता. "बाबा, लोक मला काय म्हणायलेत ठावं हाय का? मी जागा घेतली ते तुमच्याजवळ राहायला. तुमी माझ्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई, तर घर कशाला बांधलं मी?"

सितारामांनी रुळाकडं बघितलं. "बाई, मी सरकारपुढं जबान दिलीय. फाटकावर येकदा नंबर दिला की बदलता येत न्हाई. बदलला की गाडी रुळावर आन् बैलगाडी बी रुळावर."

"इथं कुठं हाय बैलगाडी?"

"तू हायेस की बैलगाडीत," सिताराम हळूच म्हणाले. "मी च्या प्यायलो आन् उद्या कुणी म्हणलं, बापानं मोबदला घेतला, तर तुझ्या घरावर कर बसंल. मास्तरचं न्हाणीघर जाईल."

संघप्रियाला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळं तिला उचकी लागली.

गृहप्रवेशाचा कार्यक्रम रविवारी ठेवला. वंदना, मग खीर. बन्सीधरांनाही बोलावलं होतं. ते पुढच्या खुर्चीत बसून दुसरी वाटी मागवायच्या बेतात होते. सिताराम आले, पण स्वतःचं स्टूल घेऊन आले आणि ते त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला ठेवलं. बौद्धाचार्यांनी पंचशील म्हणवून घेतलं. खोटं न बोलण्याच्या शीलाला बाहेरून सितारामांचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा आला.

तेवढ्यात एसटीतून उतरून, पिशवी सांभाळत दगडाबाई आली. तिनं उन्हात, उंबऱ्याबाहेर बसलेला आपला भाऊ बघितला. मग आत खुर्चीत बसलेल्या बन्सीधरांना बघितलं. पिशवी खाली ठेवली.

"संघप्रिया! बाहीर ये!"

"जय भीम, आत्या…"

"जय भीम, जय भीम. हे काय हाय? परक्याला खुर्ची आन् बापाला वाट? मी ऐकलं तवा म्हणलं, आपली लेक अशी न्हाई. आता डोळ्यानं बघायले!"

"दगडाबाई, तिचं काही न्हाई," सिताराम उठले. "मीच बसलोय. सही करताना सांगितलं, बदल्यात काही घेतलं न्हाई. मग घेत न्हाई. कायदा हाय. चहाबी चालत न्हाई."

"कोण म्हणलं?"

सितारामांनी खुर्चीकडं बोट केलं. घर भरून माणसं होती, सगळी वळली. बन्सीधरांचा चमचा वाटीत थांबला.

"मी… ते आपलं बोलायची रीत असती," बन्सीधर म्हणाले. "मामला निपटावा म्हणून. घाई व्हती."

"म्हंजी खोटं बोललास?" सितारामांनी विचारलं. रागानं नाही, माहिती म्हणून.

आत्ताच पंचशील झालेलं. बौद्धाचार्य बघायलेले. दारात त्यांचीच गिऱ्हाईकं उभी. दस्त लिहिणाऱ्या माणसानं भरल्या घरात खोटं बोललो म्हणायचं म्हणजे धंदा गुंडाळायचा. बन्सीधरांनी वाटीतली खीर ढवळली. "खोटं कसं? कायदा कडकच हाय, काका."

"बघ," सिताराम बहिणीला म्हणाले आणि परत स्टुलावर बसले. दगडाबाईनं बन्सीधरांकडं असं बघितलं की, त्यांनी वाटी आपण होऊन खाली ठेवली.

खीर निवत होती. त्या गडबडीत राजनंदिनी कुसुमबाईंच्या बुटक्या ओट्यापर्यंत पोचली. ओटा तिच्याच उंचीचा होता. तिनं खिरीची वाटी दोन्ही हातांनी उचलली, दोन्ही अंगठे खिरीत बुडवून. माणसांच्या पायांमधून वाट काढत, अर्धी खीर फ्रॉकवर सांडत ती उंबऱ्याबाहेर गेली, सितारामांच्या मांडीवर चढली आणि खिरीत भिजलेली बोटं तिनं सरळ त्यांच्या तोंडात घातली.

सगळे थांबले. सितारामांच्या तोंडात खीर होती. गिळावी तर कायदा, थुंकावी तर नात. ते तशाच फुगलेल्या गालांनी बन्सीधरांकडं वळले.

"हिचं नाव हाय का कागदात?" असं काहीतरी त्यांनी विचारलं.

बन्सीधर ताडकन उभे राहिले. बुडत्या माणसासारखा त्यांनी तो प्रश्न धरला. "न्हाई! बिलकुल न्हाई! मॅडमनंच सांगितलं व्हतं, हिला काही नियम न्हाई!"

सितारामांनी विचार केला आणि खीर गिळली.

"गोड झालीय," ते म्हणाले.

दगडाबाई पहिल्यांदा हसली, मग सगळं घर. किशनराव सगळ्यांत जोरात हसले, आणि ही गोष्ट आता उलट्या दिशेनं पूर्णेला न्यायची म्हणून लवकर उठले.

संघप्रियानं मात्र वेळ घालवला नाही. ती बापाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "बाबा, आतल्या खोलीला रुळाच्या अंगाला खिडकी ठेवलीय. तुमची न्हाई ती, तुमी वापस केलीय. ती राजनंदिनीची हाय. पर तिला कोणती गाडी कुठं जाती ते कळत न्हाई. कुणीतरी सांगायला बसाया पायजे."

"नोकरी म्हणतीस?"

"पगार न्हाई मिळणार."

"मग हरकत न्हाई," म्हणत सितारामांनी स्टूल उचललं आणि नातीला कडेवर घेऊन उंबरा ओलांडला.

तेव्हापासून घराची एक रीत पडली. सितारामांचा चहा राजनंदिनीच्या हातात दिला जातो. ती तो सांडत सांडत खिडकीशी नेते. बिस्किटं तिच्या हातून जातात. कडुलिंबाची सावली आणि हातपंपाची वाट यांनाही तिची परवानगी आहे, आजोबा सकाळी घागर घेऊन विचारतात, "बाईसाहेब, जाऊ का?" आणि ती दात घासता घासता मान हलवते.

फक्त बाईसाहेब फुकट काही देत नाहीत. कपाबरोबर येणाऱ्या बिस्किटांतलं पहिलं त्यांचं. दुसऱ्याचा कडेचा गोल भागही त्यांचाच, कारण तो त्यांना आवडतो.

"मामा, आपण कर वाचवला बघा," मास्तर एकदा न्हाणीघरातून डोकं पुसत बाहेर येताना खुशीत म्हणाले.

"कुठं वाचला, मास्तर?" सितारामांनी हातातला बिस्किटाचा उरलेला तुकडा दाखवला. "रोज भरायलोय की."

तेवढ्यात लांबून नांदेडकडच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. सितारामांनी घाईनं खुर्ची पुढं ओढली. राजनंदिनीनं खिडकीचं दार लोटलं, त्याला पाठ लावून उभी राहिली आणि हात पुढं केला.

"नंबर?"

हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. "बावन्न," सिताराम म्हणाले.

राजनंदिनीला दहाच्या पुढचे आकडे येत नव्हते. तिनं भुवया जवळ आणून विचार केला. "चूक."

"अगं, गाडी चालली! एकोणसाठ?"

"चूक."

खिडकीमागून गाडी धडधडत जवळ येऊ लागली. आयुष्यभर लोकांना बंद फाटकापाशी ताटकळत ठेवलेल्या सितारामांनी निमूटपणे हातातला तुकडा पुढं केला. तिनं तो तोंडात टाकला, सावकाश चावला आणि शेवटचा डबा निघून गेल्यावर खिडकी उघडली.